मुंबई–दुबई २ तास ५४ मिनिटं? अंतर-वेळ सांगणाऱ्या साइटची खेडच्या काउंटरवरून तपासणी

पाचपैकी अडीच तारे. त्यातले दोन अंतराला, अर्धा घड्याळाला. उड्डाणाच्या वेळेला शून्य.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडला एसटी स्टँडजवळ आमचं तिकीट बुकिंगचं ऑफिस आहे. विमान, रेल्वे, झेरॉक्स, पासपोर्टचे फॉर्म, सगळं एकाच टेबलावर चालतं. गिऱ्हाईक बहुतेक आखातातलं : दुबई, कुवेत, दोहा, मस्कत. काही बोटीवरची पोरं, काही लंडनकडची, आणि अधूनमधून केप टाउन. हल्ली माणूस आत आला की नमस्काराच्या आधी मोबाईल पुढे करतो. दोन शहरांची नावं टाकायची, की साइट अंतर सांगते, नकाशावर वाकडी रेघ काढते आणि खाली ठळक अक्षरांत लिहिते, उड्डाणाची वेळ अमुक तास तमुक मिनिटं. मग मी सव्वातीन तासांचं तिकीट दाखवलं की प्रश्न येतो, "ताई, याच्यात तर २ तास ५४ दाखवतोय. तुमचं विमान जुनं आहे का?"

म्हणून ही साइट एकदा नीट तपासायची असं ठरवलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. अशा साइटी ढिगाने आहेत, रंग वेगळे, जाहिराती वेगळ्या, आतलं गणित जवळपास एकच. आमच्याकडे जी सर्वांत जास्त उघडली जाते, तिच्यावर हे लिहिते आहे.

आधी गणित सांगते, कारण सगळी मेख तिथे आहे. मुंबई–दुबई विमानतळ ते विमानतळ अंतर सुमारे १,९२७ किलोमीटर. साइट त्याला ताशी ८०५ किलोमीटरने भागते, म्हणजे ताशी ५०० मैल. उत्तर येतं २ तास २४ मिनिटं. त्यात चढण्या-उतरण्याची म्हणून सरसकट अर्धा तास मिळवते. झाले २ तास ५४. कुवेत २,७५९ किलोमीटर, त्याच हिशोबाने ३ तास ५६. केप टाउन ८,२३२ किलोमीटर, १० तास ४४. कॅल्क्युलेटर घेऊन बसलं की प्रत्येक उत्तर मिनिटाला मिनिट जुळतं. म्हणजे यात विमान कुठेच नाही. वेळापत्रक नाही, वारा नाही, धावपट्टीवरची रांग नाही. शाळेत गाडीच्या वेगाची गणितं असायची, त्यातलंच हे एक. फक्त उत्तर '५४ मिनिटं' असं आलं की माणसाला वाटतं कुणीतरी घड्याळ लावून मोजलंय. 'तीन तासांच्या आसपास' असं लिहिलं असतं तर मी एक तारा वाढवला असता.

खोट पकडायची सोपी खूण म्हणजे शहरं उलटी टाकून बघा. मुंबई–दुबई २:५४, दुबई–मुंबईसुद्धा २:५४. प्रत्यक्षात जाताना वेळापत्रकात सव्वातीन तास किंवा थोडं वर असतं, येताना तीनच्या आतबाहेर. कुवेतला जाताना सव्वाचार-साडेचार, परतताना चारच्या अलीकडे-पलीकडे. विमान ज्या उंचीवर उडतं तिथे, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. दुबईला जाणारं विमान त्यांच्या तोंडावर जातं आणि परत येणाऱ्याला तेच पाठीमागून ढकलतात. जूनमध्ये हा वाऱ्यांचा पट्टा हिमालयाच्या उत्तरेला सरकतो. आमच्या बोटीवरच्या पोरांना हे सांगावं लागत नाही. 'वारा उलटा असला की वेळ लागणारच' म्हणतात आणि सही करतात. समजूत घालावी लागते ती ऑफिसात बसून नोकरी करणाऱ्यांची.

दुसरं म्हणजे, तिकिटावरची वेळ ही विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतची असते. मुंबईच्या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत. एवढ्या मोठ्या शहराचा सगळा भार एका वेळी एका पट्टीवर. विमान वेळेवर हललं तरी पुढे रांगेत उभं राहतं, आणि उतरताना कधी कधी वरच घिरट्या घालतं. कंपन्यांना हे माहीत असतं, म्हणून त्या वेळापत्रकात वेळ धरूनच ठेवतात. साइटचा सरसकट अर्धा तास मुंबईत कुठे पुरणार?

आता चांगलं बोलते, कारण अंतर ही साइट खरोखर नीट सांगते. किलोमीटर, मैल आणि नॉटिकल मैल, तिन्ही शेजारी शेजारी. नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. दुबई १,०४० नॉटिकल मैलांवर आहे असं वाचलं की जहाजावरच्या पोराचा चेहरा खुलतो, कारण तो त्याच मापात विचार करतो. आणि नकाशावरची ती वाकडी रेघही बरोबर आहे. न्यू जर्सीला मुलगा असलेले एक गुरुजी येतात, त्यांना ती रेघ अजिबात पटत नव्हती. अमेरिका पश्चिमेला, मग रेघ वर उत्तरेला कशाला चढते? शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानातून पृथ्वीचा गोल आणला. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक अंगठ्याने दाबलं, दुसरं न्यू यॉर्कवर, आणि दोरा ताणला. ढिला होता तोवर तो अरबस्तानावरून जात होता. ताणल्यावर आपोआप सरकत वर गेला आणि ६४ अंश उत्तरेच्याही पुढे जाऊन मग खाली अमेरिकेत उतरला. साडेबारा हजार किलोमीटर, आणि यापेक्षा जवळची वाट नाही. गुरुजींनी दोरा पुन्हा ढिला केला, पुन्हा ताणला, आणि गोल उलटा करून खाली किंमत किती लिहिलीय ते बघितलं.

पण ही रेघ जवळची वाट दाखवते, मोकळी वाट नाही. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसे पडले. त्याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैपर्यंत हेच झालं होतं. साइटवरची मिनिटं मात्र जशीच्या तशी. २३ जून २०२५ च्या रात्री कतारने आपलं आकाश काही तास बंद केलं, त्या रात्री आमच्या ऑफिसचा फोन ठेवायला उसंत नव्हती. कुणाचा भाऊ दोह्यात अडकलेला, कुणाचा नवरा मुंबईत विमानतळावर बसलेला. त्यातल्या एकीने मला स्क्रीनशॉट पाठवला, मुंबई–दोहा उड्डाणाची वेळ इतकी इतकी. तिला काय उत्तर द्यायचं?

आता केप टाउनबद्दल, कारण या साइटवर माझा खरा राग तिथला आहे. केप टाउनमध्ये कोकणी मुसलमानांची शंभर वर्षांहून जुनी वस्ती आहे. आमच्या भागातल्या कितीतरी घरांची तिथे नाती आहेत. असेच एक म्हातारे चाचा बहिणीला भेटायला निघाले. मधुमेह, दोन वेळचं इन्सुलिन. नातवाने साइटवर बघून सांगितलेलं, १० तास ४४ मिनिटं. त्या हिशोबाने घरात सगळं ठरलेलं : रात्री इंजेक्शन घेऊन निघायचं, सकाळचं तिथे पोचून. पण मुंबईहून केप टाउनला थेट विमानच नाही! साइट ज्या उड्डाणाची वेळ मिनिटापर्यंत सांगते, ते उड्डाण कुणी करतच नाही, आणि तसं सांगणारी एक ओळ पानावर कुठेही नाही. अदिस अबाबामार्गे गेलं तर ३,८३४ आणि ५,२३० मिळून नऊ हजारांच्या वर किलोमीटर होतात, हवेतच बारा तासांच्या आसपास, मधला मुक्काम वेगळा. दुबईमार्गे अंतर त्याहून जास्त, साडेनऊ हजारांच्या घरात. शिवाय इथिओपियामार्गे म्हटलं की पिवळ्या तापाच्या लशीचा प्रश्न निघतो, तो तिकीट काढायच्या आधी सोडवावा लागतो. चाचांना मी मधला थांबा कुठे, किती वेळ, तिथे घड्याळ काय दाखवेल, हे सगळं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिलं आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे पाठवलं. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, खाली सामानात टाकू नका, हेही त्यावर लिहिलं. साइटने एवढंच विचारलं असतं की बाबा, थेट विमान आहे का? नसेल तर वेळ दाखवू नये, अंतर दाखवून गप्प बसावं.

घड्याळाला अर्धा तारा दिला, तो का ते सांगते. निघायची वेळ टाकली की पोचल्यावर तिथे किती वाजलेले असतील हे साइट दाखवते, तारखेसकट. आमच्या धंद्यात याइतका घोळ दुसऱ्या कशात होत नाही. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, कुवेत आणि दोहा अडीच, दक्षिण आफ्रिका साडेतीन. लंडनचं उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच, कारण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक काटे हलवतात. साइट ते बरोबर सांभाळते. तिकिटावर मात्र दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. रात्री १० ला मुंबई, पावणेबाराला दुबई. लोक वजाबाकी करतात आणि म्हणतात, पावणेदोन तासांत दुबई, मग खेडहून पनवेल लांब की! परतताना उलटं. दुबईहून १४ तारखेला रात्री ११ ला सुटलेलं विमान मुंबईत १५ ला पहाटे साडेतीनला उतरतं. एका चाचींनी मुलाला आणायला गाडीवाल्याला १४ तारीख, पहाटे साडेतीन असं सांगून ठेवलेलं. १३ ला संध्याकाळी गाडी खेडच्या भरणे नाक्यावरून निघाली असती आणि १४ ला पहाटे विमानतळावर उभी राहिली असती, तेव्हा मुलगा अजून दुबईतच असता. तिकीट हातात घेऊन त्या सहज विचारायला आल्या म्हणून निभावलं. तिकिटावर बारीक अक्षरांत 'अधिक एक' असतं, ते वाचतो कोण? साइटवर 'दुसऱ्या दिवशी' असं ठळक लिहून येतं. मिनिटं चुकतील, पण तारीख बरोबर येते, आणि गाडीवाल्याला तारीखच सांगायची असते.

आता कोकणातल्या माणसाची अडचण. साइटच्या चौकटीत इंग्रजीत 'खेड' टाकलं की पहिलं येतं ते पुणे जिल्ह्यातलं खेड, म्हणजे राजगुरुनगर. आमचं खेड यादीत नाहीच. रत्नागिरी टाकलं तर येते, आणि मग साइट बेधडक सांगते : रत्नागिरी–दुबई सुमारे २,०७० किलोमीटर, उड्डाण ३ तास ५ मिनिटं. रत्नागिरीहून दुबईला कुठलं विमान? दापोली, गुहागर, मंडणगड, काहीही टाका, प्रत्येक गावातून ती विमान उडवते. माझ्या बहिणीच्या अंगणातूनही उडवेल.

खरा हिशोब उलटा करावा लागतो, आणि तो कुठलीच साइट करत नाही. रात्री १० चं दुबईचं विमान. आंतरराष्ट्रीय म्हणजे तीन तास आधी, संध्याकाळी ७ ला दारात. खेड ते मुंबई विमानतळ सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूरपर्यंत हायसं वाटतं, मग माणगाव आणि इंदापूरच्या कोंडीत ते सगळं परत जातं. त्यात वडखळ, पनवेल, आणि मुंबईत शिरल्यावर संध्याकाळची वाहतूक. मी सकाळी ११ च्या पुढे कुणाला निघू देत नाही. पावसाळ्यात खेडच्या जगबुडी नदीने इशारा पातळी ओलांडली की आदल्या दिवशीच मुंबईला नातेवाइकांकडे जायला सांगते. लोक हसतात, पण जातात. रेल्वेने जायचं तर पावसाळी वेळापत्रक वेगळं. गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात, त्यामुळे जानेवारीत पाहिलेली वेळ जुलैत धरून चालत नाही. म्हणजे घरातून पाय काढल्यापासून दुबईच्या इमिग्रेशनमधून बाहेर पडेपर्यंत चौदा-पंधरा तास, आणि त्यात विमान सव्वातीन. साइटच्या २:५४ वर भांडणारं गिऱ्हाईक बाकीच्या अकरा तासांबद्दल एक शब्द काढत नाही! नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं. खेडच्या माणसाला ते पनवेललाच भेटतं, शहरात शिरावंच लागत नाही. पण तिकिटावर कुठल्या विमानतळाचं नाव आहे ते बघूनच गाडीवाल्याला सांगा. साइटला दोन्ही मुंबईच.

मग वापरायचं काय? नुसतं अंतर हवं असेल तर ग्रेट सर्कल मॅपर. दिसायला जुनाट, पण काम चोख. गावाचं नाव न टाकता विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाकायचा, मुंबईचा बीओएम, दुबईचा डीएक्सबी. मध्ये आडवी रेघ देऊन तीन-चार कोड एकामागून एक लिहिले की प्रत्येक टप्प्याचं अंतर वेगळं आणि एकूण वेगळं मिळतं. चाचांचा अदिस अबाबाचा हिशोब मी त्यावरच काढला. सुरुवातीला मैलात दाखवतो, किलोमीटर निवडून घ्यावं लागतं. साडेचार तारे. अर्धा कापला तो कोडसाठी, कारण घरी बसलेल्या माणसाला अदिस अबाबाचा कोड एडीडी हे कुठून ठाऊक असणार?

वेळ हवी असेल तर फ्लाइटरडार२४. तिकिटावरचा फ्लाइट नंबर टाका, मागच्या सात दिवसांत ते विमान रोज किती वाजता सुटायचं होतं, प्रत्यक्षात किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं, सगळी रांग समोर येते. हे खरंखुरं आहे. विमानं आपली जागा रेडिओवरून सतत सांगत असतात, आणि जगभर लोकांनी घराच्या छपरावर लावलेल्या छोट्या यंत्रांनी ती टिपलेली असते. सात दिवस वाचले की विमान साधारण किती उशीर करतं याचा अंदाज येतो. एक ध्यानात ठेवा, तिथली उड्डाणवेळ चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंतची असते, म्हणून ती तिकिटापेक्षा कमी दिसते. ती दाखवून पुन्हा माझ्याशी भांडायला येऊ नका. आणायला जाणाऱ्यांसाठी तर हे सोन्यासारखं. विमान अजून समुद्रावर आहे हे दिसलं की गाडीवाला वडखळला चहा घेऊ शकतो, पार्किंगचे पैसे वाचतात. आमच्या गाडीवाल्यांनी सगळ्यांनी हे घेतलेलं आहे. त्यांच्यातला एक तर आता मला फोन करून सांगतो, 'ताई, तुमचं कुवेत वीस मिनिटं लवकर येतंय.' फुकटच्या खात्यात सात दिवसांचा इतिहास मिळतो, घरच्या माणसाला तेवढा पुरे. पैसे भरून वर्षाचा इतिहास घेणारे हौशी वेगळे.

आपल्या त्या पहिल्या साइटवर आणखी एक त्रास, जाहिराती. वेळेच्या खालीच 'स्वस्त तिकीट बघा' असं हिरवं बटण असतं. दाबलं की चार खिडक्या उघडतात आणि ती लोकेशन मागते. म्हाताऱ्या माणसांनी तिथे काहीही दाबू नये. पोरांनी त्यांना अंतर बघून द्यावं आणि पान बंद करावं.

गणपती २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहेत. आखातातून येणाऱ्यांची विचारणा आमच्याकडे उन्हाळ्यातच सुरू होते, आणि त्या आठवड्यात मुंबईत उतरणाऱ्यांना मी उतरण्याची वेळ विचारतच नाही. मुंबईहून खेडला कशाने येणार, हे आधी विचारते. रेल्वेचं आरक्षण हातात असेल तर दुपारचं विमान चालेल. गाडीने येणार असतील तर पहाटे उतरणारं घ्या, दोन-तीन हजार जास्त पडले तरी.

खेडचं त्या साइटवाल्यांना मी लिहून कळवलं होतं. 'आपली सूचना मिळाली' असं आपोआप येणारं उत्तर आलं. यादीत अजून राजगुरुनगरच येतंय.